बघून आल्याशिवाय लिहायचं नाही

गुरुवार, २२ जानेवारी

कोगनोळीचा नाका मागे पडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. बाकी ऊस तोच, माती तीच. आई कोल्हापूरपासून खिडकीशी बसली होती आणि जवळजवळ काही बोलत नव्हती. बारा वर्षांनी ती माहेरी निघाली होती. धाकटा मामा गेला तेव्हा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तिला जाता आलं नाही. त्यानंतर माहेरचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

या वेळी मामेभावाचा फोन आला. "शाळेत रथसप्तमीला बायकांचं हळदीकुंकू आहे, दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. गुरुजींनी शाळेत शिकलेल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना बोलवायचं ठरवलंय. आत्तीला घेऊन ये." आईनं फोन माझ्या हातातून घेतला आणि मला न विचारता "येतो" म्हणून सांगितलं.

मी पुण्यातल्या मैत्रिणींकडून मुलांची पुस्तकं गोळा केली. दोन खोकी भरली. ती कोल्हापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीच्या टपावर चढवून आणली.

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो. आईनं आधी कुंदा घेतला, मग पाणी प्यायली. जांबोटीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा नव्हती, कारण गाडी बायकांनी भरलेली होती. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी गाडीचा प्रवास मोफत झाला, शक्ती योजना म्हणतात. कंडक्टर प्रत्येकीचं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडत होता. आमच्यापाशी आल्यावर त्यानं कार्ड उलटसुलट केलं. "महाराष्ट्र. पैसे पडतात अक्का." आईनं पैसे दिले, पण तिला वाईट वाटलं. शेजारची बाई म्हणाली, "माहेरवाशिणीला सुदीक पैसे?" आणि आईला मांडीला मांडी लावून जागा करून दिली. त्या बाईशी बोलताना कळलं की ती नातीला डॉक्टरकडे नेऊन आणत होती, महिन्यातली तिसरी खेप. पूर्वी तिकिटाच्या पैशासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागायचा. ही एक योजना माझ्या मते फार मोठं काम करते आहे.

किणयेच्या पुढं झाडी दाट होत गेली. कुसमळीपाशी मलप्रभा ओलांडली आणि आईची भाषा बदलली. पुण्यात चाळीस वर्षं जपून बोललेलं सगळं नदीत सोडून दिल्यासारखी ती शेजारणीला म्हणाली, "कवा पाऊस थांबला गे औंदा? भातं गावली काय?"

जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत जावं लागतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. गुरुजी आणि बाई नोकरीत आहेत, मुलं लहान आहेत, आणि त्यांनी मला घरच्यासारखं वागवलं. त्यांची ओळख चारचौघांत मांडायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. फाट्यावर मामेभाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. आई त्याच्या मागे बसली. मी खोक्यांपाशी थांबले आणि तो परत येईपर्यंत जंगलाचा आवाज ऐकत राहिले.

मामीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोघी एकमेकींना धरून रडल्या. रात्री तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि चुलीत भाजलेली रताळी.

शुक्रवार, २३ जानेवारी

शाळा गावाच्या वरच्या अंगाला आहे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओटा, अंगणात फणस. सरकारी मराठी कनिष्ठ प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. पट सतरा. त्यातली अकरा मुलं गावातली, सहा धनगरवाड्यावरून येतात. वाड्यावरची मुलं रानातून तासभर चालतात, सोबत एक मोठं माणूस असतंच, कारण या भागात अस्वल आहे. मुलं हातातल्या काठ्यांनी वाटेतली झाडं बडवत येतात. लांबून आवाज आला की गुरुजी दूध तापवायला सांगतात.

दारात शिरण्याआधी मी थबकले ती भिंतीवरच्या फळ्यापाशी. दाराच्या उजव्या हाताला भिंतीचा एक तुकडा काळा रंगवलाय, भोवती गेरूची चौकट. वर लिहिलंय "बातम्या". त्याचे तीन भाग: देशाची, राज्याची, गावाची. देशाची आणि राज्याची बातमी पेपरमधून घ्यायची. पेपर म्हणजे 'तरुण भारत', १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात सुरू केलेला. तो दुपारच्या गाडीनं फाट्यावर येतो, म्हणून फळ्यावर देशाची बातमी एक दिवस शिळी असते. गावाची मात्र ताजी. त्या दिवशीची अशी होती:

"काल रात्री खालच्या मळ्यात गवे आले. तीन होते. एक लहान. भाताच्या गंजीचे नुकसान केले. खुरांचे ठसे आम्ही मोजले."

चौथी आणि पाचवीची सात मुलं आहेत, ती आळीपाळीनं बातमी लिहितात. गुरुजींचा नियम एकच, तो चौकटीच्या खाली बारीक अक्षरात कायमचा लिहून ठेवलाय: बघून आल्याशिवाय लिहायचं नाही. कुणाची गाय व्याली असं ऐकलं तर जाऊन वासरू बघायचं, रंग लिहायचा. कुणी आजारी असलं तर घरच्यांना विचारायचं, लिहू का म्हणून. नको म्हणाले तर बातमी नाही. भांडणाची बातमी लिहायची नाही. हा शेवटचा नियम मुलांनीच घातला, गुरुजींनी सांगितलं, कारण भांडणं दोन्ही घरच्यांची असतात आणि मुलं एकाच बाकावर बसतात.

संध्याकाळी फळा पुसायच्या आधी एक मुलगी गावाची बातमी वहीत उतरवून ठेवते. अशा तीन जाड वह्या झाल्यात. मी दुपारभर त्या वाचल्या. एका पावसाळ्यात सलग नऊ दिवस एकच बातमी आहे: "ओढ्याला पाणी आहे. वाड्यावरची मुले आली नाहीत." दहाव्या दिवशी: "पाणी उतरले. चार मुले आली. दोघे तापाने घरी आहेत." एका पानावर नुसतं: "आज गावाची बातमी नाही. सगळे लावणीला गेले आहेत." खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचं वर्ष कसं जातं हे मला कुठल्याही सरकारी अहवालात इतकं स्वच्छ दिसलं नसतं. लावणी, कापणी, काजूचा मोहर, गोव्याला कामाला गेलेले बाप गणपतीला परत आल्याच्या तारखा, कणकुंबीच्या माउलीला गेलेली माणसं, वीज गेल्याचे दिवस, पहिला मोबाइल टॉवर.

वर्गाबद्दल लिहायला हवं. पहिली ते तिसरीचा वर्ग एकत्र बसतो आणि बाई शिकवतात. बाई अतिथी शिक्षिका आहेत, वर्षावर्षाच्या मानधनावर. पद्धत नलि-कलि. कन्नडमध्ये नलि म्हणजे आनंदानं नाचणं-बागडणं आणि कलि म्हणजे शीक. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ही सुरू झाली आणि नंतर राज्यभर गेली. भिंतीवर शिकण्याची शिडी असते, प्रत्येक पायरीला एक चित्र. मूल आपल्या पायरीचं कार्ड उचलतं आणि त्या चित्राच्या गटात जाऊन बसतं. सात वर्षांचा एखादा दुसऱ्या पायरीवर आणि सहा वर्षांची एखादी पाचव्या पायरीवर असली तरी कुणी मागे पडलेलं दिसत नाही, कारण रांगच नाही. डोक्यावर आडव्या दोऱ्या बांधून मुलांनी केलेली चित्रं टांगलेली असतात. एका शिक्षिकेला तीन इयत्ता सांभाळायच्या तर याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. बाई मात्र दिवसभरात दोन मिनिटंही बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

सकाळी गरम दूध. २०१३ सालापासून क्षीरभाग्य योजनेत प्रत्येक मुलाला दीडशे मिलिलिटर दूध मिळतं, पावडरीचं. दुपारी अक्षर दासोहचं जेवण. दासोह हा बसवण्णांच्या शरणांचा शब्द, अन्नदानाच्याही पलीकडचा, देणाऱ्यानं स्वतःला दास समजून द्यायचं असा. शाळेतल्या पोरांच्या जेवणाला हे नाव ज्यांना सुचलं त्यांना नमस्कार. त्या दिवशी भात, सांबार आणि उकडलेलं अंडं होतं. दोन मुलं अंडं खात नाहीत, त्यांना केळं. स्वयंपाक करणाऱ्या अक्का गावातल्याच. सतरा मुलांपैकी कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा दात पडलाय, हे त्यांना पाठ आहे. त्यांनी आईला ताट वाढलं. आई मुलांच्या पंगतीत भिंतीला टेकून जेवली.

पाचवीनंतर पुढच्या गावी जावं लागतं, तिथं सातवीपर्यंत आहे. काही घरांतली मुलं बेळगावला नातेवाइकांकडे राहून इंग्रजी शाळेत जातात. गावातल्या एका बापाशी बोलले. तो म्हणाला, "मराठीत शिकून मी गोव्यात सेंट्रिंगचं काम करतो. पोरानं काय करायचं?" त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्याची धाकटी मुलगी मात्र याच शाळेत आहे आणि बातमी फळ्यावर तिचं अक्षर सगळ्यांत सुरेख आहे. ते त्याला माहीत होतं. तो कामावर जायच्या दिवशी फळ्याचा फोटो काढून नेतो.

शनिवार, २४ जानेवारी

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थनेत मुलं आधी कन्नड राज्यगीत म्हणतात, मग मराठी प्रार्थना. दोन्ही तेवढ्याच मोकळ्या गळ्यानं. वरून येणारी पत्रकं कन्नडमध्ये असतात, गुरुजी ती पालकांना मराठीत समजावतात आणि सभेचा वृत्तान्त पुन्हा कन्नडमध्ये लिहून पाठवतात. गुरुजी मूळचे याच तालुक्यातले. सीमाप्रश्नाबद्दल मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला सकाळी दहा वाजता सतरा मुलं दिसतात. त्यांना दोन्ही भाषा नीट आल्या पाहिजेत. मराठी आधी, कारण ती त्यांच्या आईची आहे." मी यात काही भर घालत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. तेवढ्या काळात या ओट्यावर तीन पिढ्यांनी पाटी घासली.

शाळा सुटल्यावर गुरुजींनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर, कापडी पुठ्ठ्याचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. रथसप्तमीला कुणाकुणाला बोलवायचं ती यादी त्यांनी याच रजिस्टरावरून केली होती. सुरुवातीची पानं मुंबई राज्यातली, ठसे स्कूल बोर्डाचे. "तुमचं नाव मी खूण करून ठेवलंय, आत्ती," असं म्हणत त्यांनी पान काढलं.

जून १९५७. आईचं नाव, वडिलांचं नाव, जात, धंदा शेती. जन्मतारीख १ जून. आई हसली. "माझा जन्म श्रावणातला. आई सांगायची, नागपंचमी चार दिवसांवर होती." गुरुजी म्हणाले, "अर्धं गाव १ जूनचं आहे. सहा वर्षं पुरी दाखवायला तेव्हाचे गुरुजी तीच तारीख घालायचे." त्या पानावर नऊ मुलं होती, सहा जणांची जन्मतारीख १ जून.

मी ओळीवरून बोट पुढे नेत वाचत गेले. आईनं आयुष्यभर सांगितलंय की ती चौथी पास आहे. रेशन कार्डाच्या अर्जात, माझ्या शाळेच्या फॉर्ममध्ये, सगळीकडे तिनं तेच लिहिलं. शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचं कारण, तिथं होतं: "सतत गैरहजर, सबब नाव कमी केले." इयत्ता चौथी. माघ महिन्यातली तारीख, परीक्षेच्या आधीची.

मी ते मोठ्यानं वाचलं. समजण्याआधीच वाचून गेले. खोलीत गुरुजी होते, मामेभाऊ होता. आईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "अक्षर किती चांगलं होतं त्या गुरुजींचं." मग उठून बाहेर फणसाखाली जाऊन उभी राहिली.

हे लिहिताना मला अजून त्या क्षणाची लाज वाटते. पासष्ट वर्षं जपलेली गोष्ट मी चारचौघांत उघड केली.

रात्री मामी झोपल्यावर चुलीपाशी ती आपण होऊन बोलली. मामा तेव्हा आठ महिन्यांचा होता. आजी लावणीला जायची, मग भांगलणीला, मग कापणीला. बाळ कुणी सांभाळायचं? आई त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची. तो रडला की गुरुजी काही म्हणायचे नाहीत, पण मुलं हसायची. पावसाळाभर ती घरी राहिली. दिवाळीनंतर परत गेली तेव्हा मामा रांगायला लागला होता, पाट्यांवर थुंकी लावायचा, खडू खायचा. मग ती आत जायची बंद झाली. पण शाळेच्या मागच्या खिडकीपाशी जोत्याचा चिरा पुढे आलेला आहे, त्यावर उभं राहिलं की फळा दिसायचा. बाळाला कडेवर घेऊन ती तिथं उभी राहायची. कविता, पावकी, निमकी, दिडकी. गुरुजींना माहीत होतं. ते फळ्यावर लिहिताना जरा बाजूला सरकून उभे राहायचे.

"परीक्षा कुणी घेतली नाही," आई म्हणाली. "पण धडे मला सगळे येत होते. म्हणून पास म्हणत आले."

आणि थोड्या वेळानं, "तो मात्र सातवी झाला. फायनल पास झाला तेव्हा पेढे घेऊन कोल्हापूरला आलेला."

रविवार, २५ जानेवारी

मामीनं पहाटे अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घातलं, पूर्वेकडे. दिवसभर शाळेत धावपळ. पोरांनी अंगण सारवलं, पताका लावल्या, फणसाच्या फांद्यांत फुगे अडकवले. शाळा सुधारणा समितीच्या बाप्यांनी मांडव घातला आणि नंतर त्यांना बायकांनी हळदीकुंकू संपेपर्यंत बाहेर राहायला सांगितलं.

साठेक बायका आल्या. वाड्यावरच्या धनगर बायका तांबडी लुगडी नेसून, जवळच्या वस्तीवरच्या कन्नड बोलणाऱ्या दोघी-तिघी, शाळेतल्या आया, आणि रजिस्टरातल्या म्हाताऱ्या. गुरुजींच्या यादीतल्या एकवीस जणींपैकी नऊ जणी येऊ शकल्या. वाण म्हणून शाळेनं वही आणि पेन्सिल ठेवली होती. एका धनगर आजीनं वही घेऊन उघडली, हुंगली आणि नातीच्या दप्तरात घातली.

बाईंनी म्हाताऱ्यांना एकेक करून विचारलं, शाळेतलं काय आठवतं. एकीला छडी आठवली. एकीनं पूर्ण कविता म्हटली. एक म्हणाली, लग्न झालं तेव्हा ती तिसरीत होती, आणि पाटी सासरी नेऊ देतील का असं तिनं विचारलं होतं. सगळ्या हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. नऊ जणींपैकी चौथीची परीक्षा दिलेल्या दोघीच निघाल्या. आई त्या दोघींत नव्हती आणि तिनं तसं सांगितलं. पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, सरळ आवाजात.

त्या दिवशी बातमी लिहायची पाळी पाचवीतल्या एका मुलाची होती, वाड्यावरचा, कानाला सोन्याची बाळी. तो पाटीच्या तुकड्यावर टिपणं घेत होता. तो आईपाशी आला.

"आज्जी, तुमची बातमी लिवायची हाय. कितवीपातूर शिकलासा?"

"रजिस्टरात बघ की," आई म्हणाली. "तुमचा नियम हाय न्हवं, बघून लिवायचा?"

तो गेला. गुरुजींकडून रजिस्टर काढून घेऊन वाचलं. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"त्यात सतत गैरहजर लिवलंय."

"मग तसं लिही."

तो हलला नाही. "मगाशी तर तुम्ही खिडकीचं सांगूलालता. खरं काय?"

आईनं त्याचा हात धरला आणि शाळेच्या मागे नेलं. मीही गेले. चिरा अजून तसाच पुढे आलेला होता, वापरून वापरून मधे खोलगट. मुलगा त्यावर चढला, दोन्ही हातांनी गज धरले आणि आत बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डावीकडचं सगळं दिसतंय. उजवीकडं कोपरा दिसत नाही."

"तिकडं तारीख लिवायचे," आई म्हणाली. "तारीख मला कधी कळायची नाही."

सोमवार, २६ जानेवारी

फळ्यावर गावाची बातमी अशी:

"काल शाळेत हळदीकुंकू झाले. जुन्या नऊ विद्यार्थिनी आल्या. त्यातील एक आजी १९६१ साली चौथीत होत्या. रजिस्टरात त्या गैरहजर आहेत. त्या खिडकीच्या बाहेर होत्या. खिडकीतून फळा दिसतो, कोपरा सोडून. आम्ही बघितले."

प्रभातफेरीच्या आधीच ती सगळ्या गावानं वाचली. आई फळ्यासमोर उभी राहिली ती झेंड्याची वेळ होईपर्यंत. मी फोटो काढायला गेले तेव्हा तिनं हातानं थांबवलं, पदर सारखा केला आणि मग म्हणाली, "आता काढ."

झेंडावंदन झालं. पाचवीच्या मुलीनं घटनेचा सरनामा वाचला, "आम्ही, भारताचे लोक" पासून, एकही शब्द न अडखळता. त्या भागात २६ जानेवारीला आणखी एक आठवण असते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शिपाई संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी याच तारखेला, १८३१ साली, नंदगडला वडाच्या झाडावर फाशी दिलं. नंदगड याच खानापूर तालुक्यात आहे. तिसरीतल्या एका मुलानं रायण्णावर मराठीत भाषण केलं आणि शेवटचा जयजयकार कन्नडमध्ये. एक वयस्कर गृहस्थ उठून बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाबद्दल बोलले, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्यांचे वडील इथून बैलगाडीनं गेले होते. भाषण लांबलं, मुलं चुळबुळली, पण कुणी थांबवलं नाही.

नंतर पुस्तकांची खोकी उघडली. मी समजत होते मुलं गोष्टींच्या पुस्तकांवर तुटून पडतील. पहिलं उचललं गेलं ते पक्ष्यांचं. दुसरं शब्दकोश, बातमी लिहिणाऱ्या मुलीनं. भीमगडच्या रानाबद्दल एक जुनं मासिक होतं, त्यात बारापेडे गुहेतल्या रॉटनच्या वटवाघळाचा फोटो. हे वटवाघूळ फार दुर्मीळ, आणि एके काळी ते या एकाच गुहेत सापडतं असं मानलं जायचं. ती गुहा याच तालुक्यातल्या अभयारण्यात आहे हे कळल्यावर सगळी डोकी त्या पानावर वाकली. "गुरुजी, बघायला जायचं?" गुरुजींनी सांगितलं, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं जाता येत नाही. तेव्हा बाळीवाला म्हणाला, "मग त्याची बातमी लिवता येणार नाही," आणि मासिक दुसऱ्याकडे दिलं.

दुपारी समितीची बैठक होती, मी मागे बसून ऐकली. विषय तीन: मागच्या भिंतीची कौलं, येत्या जूनमध्ये पहिलीत किती मुलं येणार, आणि बाईंचं मानधन दोन महिने आलेलं नाही. कौलांसाठी लोक वर्गणी देणार. पहिलीत तीन नावं नक्की आहेत, चौथं घर अजून ठरवत नाहीये. बाईंसाठी समितीच्या अध्यक्षांनी तांदळाचं पोतं त्यांच्या घरी पाठवायचं ठरवलं. बाई नको म्हणाल्या. आमची मामी, जी बैठकीची सभासदही नाही, दारातून म्हणाली, "पोतं आज संध्याकाळी पोचंल." तो विषय तिथं संपला.

मंगळवार, २७ जानेवारी

सकाळची गाडी साडेआठला फाट्यावर येते. मामेभावानं आम्हाला दोन खेपांत पोचवलं. मामीनं दिलेलं सामान: नाचणीचं पीठ, आमसुलं, एक पोतं रताळी. आई पुण्यात एवढी रताळी कुणाला वाटणार, मला कळेना, तिनं वाटेतच नावं मोजायला सुरुवात केली.

फाट्यावर कानात बाळी घातलेला मुलगा उभा होता. वाड्यावरून निघून शाळेची वाट सोडून तो खाली उतरून आला होता. सोबत त्याचा काका, खांद्यावर घोंगडं.

"काय रे, शाळा?" आईनं विचारलं.

"जातो की. आजची बी बातमी माझीच हाय. तुम्ही किती वाजता गेलासा ते लिवायचंय."

"साडेआठ लिही."

"गाडी आली नाही अजून," तो म्हणाला.

गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली. तोपर्यंत आईनं त्याला दिडकी म्हणून दाखवली आणि त्यानं तिला कन्नडमधले पाढे. मी मधे एकदा घड्याळ बघून वेळ सांगितली तेव्हा त्यानं काकाचा मोबाइल मागून घेऊन स्वतः बघितली.

आम्ही चढलो. कंडक्टरनं पुन्हा कार्ड मागितलं, पुन्हा महाराष्ट्र वाचलं. आईनं पैसे काढून ठेवलेच होते. गाडी सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. काका चालायला लागला होता. मुलगा मोबाइल हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि आमची गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथून हलला नाही.